देवापुढचे गाऱ्हाणे आणि आमची सही

‘देव पाहून घेईल.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य आमच्या कानी इतक्या वेळा पडले आहे की ते आस्तिक्याचे लक्षण की पळवाटेचे नाव, असा प्रश्न आम्हांस पडू लागला आहे. त्याचा निकाल वाचकांसमोर लावावा, म्हणून हा लेख.

प्रसंग एका गावचा आहे. गावाचे नाव आम्ही देत नाही, कारण गोव्यातील अनेक गावांना ते शोभून दिसेल. देवळामागे टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी झर, झरीच्या पाण्यावर भरणारी देवाची तळी, आणि तळीतून वाहणाऱ्या पाण्यावर खालची शेते. एका उन्हाळ्यात त्या टेकडीवर यंत्रे चढली. पहिला पाऊस पडला आणि तळीचे पाणी तांबडे झाले. देवाला स्नान घालावयास पुजाऱ्याने दुसऱ्या विहिरीचे पाणी आणले. महाजनांची बैठक बसली. चाळीसएक माणसे सभामंडपात होती. टेकडी विकत घेणारा परगावचा आणि बड्या हातांचा आहे, हे सर्वांस ठाऊक होते. तक्रारीच्या कागदावर पहिली सही कोणी करावी, हा प्रश्न निघाला आणि मंडपात शांतता पसरली. कोणाचा मुलगा सरकारी नोकरीत, कोणाच्या घराचा परवाना अडलेला, कोणाची भाची त्याच माणसाच्या कचेरीत. शेवटी एका वृद्ध गृहस्थाने हात जोडले आणि म्हटले, “आपण देवाला गाऱ्हाणे घालू या. देव पाहून घेईल.” सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाऱ्हाणे घातले गेले, नारळ फुटला, माणसे घरी गेली.

आम्ही त्या बैठकीस सल्लागार म्हणून हजर होतो. आम्ही काय केले, हेही येथे सांगितले पाहिजे. दुसऱ्याची उलटतपासणी घेणाऱ्याने आधी स्वतः साक्ष द्यावी, हे बरे. आम्ही म्हणालो, “घाई करू नये, कागदपत्रे पाहावीत, काळ अनुकूल होईपर्यंत थांबावे.” वृद्ध गृहस्थाने जे भक्तीच्या भाषेत सांगितले तेच आम्ही वकिली भाषेत सांगितले. दोन्ही भाषांच्या तळाशी भीती एकच होती.

आता मुद्द्याकडे वळू. बलाढ्य प्रतिपक्षापुढे माणसाला भीती वाटते, यात लाज नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे, ओळखी आहेत आणि दहा वर्षे खटला चालविण्याची ऐपत आहे, त्याच्यापुढे मास्तर, शेतकरी, दुकानदार यांनी बिचकावे हे स्वाभाविक आहे. आमची तक्रार भीतीबद्दल नाही. भीतीला श्रद्धेची शाल पांघरून गाभाऱ्यात नेऊन बसविले जाते, याबद्दल आहे. जो म्हणतो, “मला भय वाटते, मी सही करणार नाही,” तो निदान प्रामाणिक आहे. त्याला उद्या धीर येऊ शकेल. पण जो म्हणतो, “माझी देवावर श्रद्धा आहे, म्हणून मी सही करणार नाही,” त्याने धीर येण्याचा मार्गच बंद करून टाकला आहे. आपल्या निष्क्रियतेवर त्याने देवाची सही घेतली आहे.

आपल्या परंपरेत श्रद्धेने नेमके काय केले, ते पाहू. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असलेले उदाहरण घ्या. 1659 साली अफझलखान चालून आला तेव्हा बळाची तुलना करणाऱ्यास शिवाजीमहाराजांची बाजू दुबळीच दिसली असती. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत भवानीने दर्शन देऊन अभय दिल्याची कथा आहे. ही कथा आम्ही आदराने वाचतो. परंतु कथा सांगणारे जेथे थांबतात त्याच्या पुढची पाने वाचावीत, असा आमचा आग्रह आहे. देवीचे अभय मिळाल्यावर महाराजांनी काय केले? पंताजी गोपीनाथ यास वकील म्हणून पाठवून खानाच्या मनातील हेतू काढून घेतला. भेटीची जागा आपल्या किल्ल्याखाली, आपल्या माहितीच्या रानात ठरविली. जावळीच्या झाडीत फौजा दबा धरून बसविल्या. आपण पडलो तर मागे राज्य कसे चालवावे, याची निरवानिरव केली. आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी उतरताना अंगात चिलखत घातले, डोक्यास टोप घातला.

अभय मिळाल्यावर चिलखत कशास? आमच्या ‘देव पाहून घेईल’ पक्षाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे. त्यांच्या हिशेबी चिलखत घालणे हा देवीवरील अविश्वास ठरेल. महाराजांच्या हिशेबी तसे नव्हते. देवीने त्यांना भयातून सोडविले होते. कर्तव्यातून सोडविले नव्हते. ज्याचे मन भयाने थरथरत आहे त्यास चिलखताची कडी नीट लावता येत नाहीत. देवीच्या अभयाचा उपयोग हात स्थिर ठेवण्यासाठी झाला. श्रीकृष्णानेही अठरा अध्याय सांगून झाल्यावर धनुष्य अर्जुनाच्याच हाती राहू दिले.

यावर कोणी म्हणेल, “ते महापुरुष होते, त्यांना यश आले. आम्ही सामान्य गावकर; आमचा पाडाव ठरलेला.” ठीक आहे. मग ज्यांचा पाडाव झाला अशा सामान्य गावकरांचीच साक्ष काढू. त्यासाठी आमच्या साष्टीतील कुंकळ्ळीस जावे लागेल. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील वाचकांस ही हकीकत कदाचित अपरिचित असेल, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

साष्टी महाल 1543 साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. 1566-67 या वर्षांत तेथील शेकडो देवळे पाडली गेली, जाळली गेली. कुंकळ्ळी, असोळणा, वेरोडा, वेळ्ळी आणि आंबेली या पाच गावांनी मान तुकविली नाही. पाडलेली देवळे ते पुन्हा उभारीत आणि राजसत्तेला कर देण्याचे नाकारीत. त्यांच्याविरुद्ध लष्करी मोहिमा झाल्या. 1583 च्या जुलै महिन्यात पाच जेजुइट धर्मप्रचारक आपल्या माणसांसह चर्चसाठी जागा निवडावयास कुंकळ्ळीत आले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला; पाचही धर्मप्रचारक आणि त्यांच्या सोबतीची कित्येक माणसे मारली गेली. मृतांत कोवळी मुलेही होती.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसास या दिवसाचे पोवाडे गाता येत नाहीत. त्या पाच जणांत रुदोल्फ आक्वाविवा हा अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून आलेला तरुण पाद्री होता. तो हाती शस्त्र घेऊन आला नव्हता. त्याच्यामागे उभी असलेली सत्ता देवळे जाळीत होती, हे खरे. परंतु निःशस्त्र माणसांची व मुलांची हत्या हे शौर्य नव्हे, असे आम्ही आमच्याच पूर्वजांविषयी म्हणतो. जे आज कुंकळ्ळीचे नाव घेऊन केवळ त्या एका दिवसाच्या रक्ताचा अभिमान मिरवितात, त्यांना कुंकळ्ळी समजली नाही.

त्या गावची खरी हिंमत त्यानंतर दिसते. सरकारने गावकरांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करावयास बोलाविले. परंपरा सांगते की सोळा जण गेले. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, बचावाची संधी नाही. बोलणीसाठी आलेल्या माणसांना तेथेच ठार मारण्यात आले. एकजण साळ नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला, असे सांगतात. गावांच्या जमिनी जप्त होऊन दुसऱ्यांच्या हाती गेल्या. आता विचार करा. प्रमुख मारले गेले, जमिनी गेल्या, देऊळ राहिले नाही, समोर समुद्रापार पसरलेले साम्राज्य. ‘देव पाहून घेईल’ असे म्हणून हात जोडून बसण्यास याहून योग्य वेळ कोणती?

ते लोक बसले नाहीत. त्यांनी शांतादुर्गेस उचलले आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर फातर्प्यास नेले. ती देवी आजही तेथे ‘कुंकळ्ळीकरीण’ या नावाने ओळखली जाते. नावातील ही जिद्द पाहण्याजोगी आहे: मुक्काम फातर्प्याचा, गाव कुंकळ्ळी. गावावरील हक्क त्यांनी असा देवीच्या नावातच नोंदवून ठेविला. आणि शिमग्याच्या दिवसांत देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, गुलालाचे ढग, ढोलताशे, आणि वाटेत दुतर्फा उभा असलेला गाव. ‘सोंत्र्यो’ म्हणून हा उत्सव सर्व गोव्यास ठाऊक आहे. इन्क्विझिशन 1812 साली संपले. पोर्तुगीज सत्ता 1961 च्या डिसेंबरात संपली. छत्र्या अजून निघतात. असोळण्यास मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारक 2003 साली उभे राहिले. पण त्याआधी शतकानुशतके त्यांचे खरे स्मारक दरवर्षी त्या रस्त्याने चालत होते.

कुंकळ्ळी एकटी नव्हती. कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला आणि तेथे शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 साली, शिवाजीमहाराजांनी त्याच्या देवालयाचे काम आरंभिले. काही विद्वान या स्थलांतरास ‘पलायन’ म्हणतात. पळणारा माणूस आपली चीजवस्तू घेऊन पळतो. घरदार, शेते आणि पूर्वजांची भूमी टाकून, पकडले गेल्यास शिक्षा ठरलेली असताना, पाषाणाची मूर्ती उचलून रात्रीच्या अंधारात होडीत ठेवणारा माणूस पळपुटा असेल, तर शूराची व्याख्या त्या विद्वानांनी आम्हांस लिहून द्यावी.

आणि एक गोष्ट. ज्यांनी ती मूर्ती उचलली, त्यांनी देवाकडे यशाची हमी मागितली नव्हती. देव स्वतःचे देऊळ वाचवू शकला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. चमत्कारावर उभी असलेली श्रद्धा त्या दिवशीच राखेत मिळाली असती. त्यांची श्रद्धा निराळी होती. देव आपले रक्षण करतो की नाही, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेविला आणि देवाचे म्हणून जे आहे ते आपण सांभाळले पाहिजे, एवढे धरून ठेविले. बलाढ्य शत्रूपुढे माणसास धीर येतो तो येथून. आपल्या जिवापेक्षा, नोकरीपेक्षा, घराच्या परवान्यापेक्षा मोठे असे काही आपल्या हाती सोपविलेले आहे, ही जाणीव झाली की माणूस स्वतःच्या भयाकडे थोडा वेळ पाहावयाचे विसरतो. श्रद्धा इतकेच देते. पण इतके पुरते.

आता त्या काळाशी आजची तुलना करा आणि मान खाली घाला. आमच्यासमोर साम्राज्य नाही. मूर्तिपूजेस बंदी नाही. किल्ल्यात बोलावून कोणी आमची मुंडकी उडविणार नाही. उलट आमच्या हाती काय काय आहे, ते मोजा. डोंगर कापणे व सखल जमीन बुजविणे यांस परवानगीवाचून मनाई करणारे कलम गोव्याच्या 1974 च्या नगरनियोजन कायद्यात आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे एक-चौदाच्या उताऱ्यावरून कोणासही पाहता येते. परवानगी दिली गेली काय आणि कोणत्या आधारावर, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर विचारता येते. ग्रामसभेत उभे राहून ठराव मांडता येतो. आमची देवालये अद्याप 1933 च्या माझनींच्या नियमावलीखाली चालतात आणि मामलेदार हा त्यांचा प्रशासक असतो. म्हणजे त्याच्या दारी लेखी जाण्याचा महाजनांना केवळ हक्क नाही, तो त्यांचा रीतसर मार्ग आहे. आणि हे सर्व थकले, तर संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार आहे. कुंकळ्ळीच्या प्रमुखांना यांपैकी एकही गोष्ट मिळाली असती, तर ते असोळण्याच्या किल्ल्यात मेले नसते.

या सर्व साधनांना एकच गोष्ट लागते: कागदाच्या तळाशी माणसाचे नाव. ते देव लिहीत नाही. आमच्या भाषेत ‘गाऱ्हाणे’ हा शब्द देवापुढच्या प्रार्थनेसही आहे आणि अन्यायाच्या तक्रारीसही आहे. पूर्वजांनी एकच शब्द दोन्हींकडे वापरला, तो अपुऱ्या शब्दसंपत्तीमुळे नव्हे. गाभाऱ्यात जे मोठ्याने बोलतो ते बाहेर कचेरीत बोलावयाची हिंमत आत मिळावी, हाच गाऱ्हाण्याचा उपयोग. देवापुढे तोंडी आणि अधिकाऱ्यापुढे लेखी, अशी ती एकाच फिर्यादीची दोन अंगे आहेत. पहिले करून दुसरे टाळणारा देवास खोटी साक्ष देतो.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींसही दोन शब्द सांगणे भाग आहे. ही मंडळी भ्याड नाहीत. निदान आवाजाने नाहीत. टेकडीचा विषय निघताच ती शेजारच्या वाड्यावरील ख्रिस्ती माणसांकडे बोट दाखवितात आणि साडेचारशे वर्षांपूर्वीचा हिशेब मागतात. बड्या प्रतिपक्षाशी लढण्याचे धाडस नसले की माणूस दुबळ्या शेजाऱ्यात शत्रू शोधतो. त्यास धर्मनिष्ठा म्हणावयास आम्ही तयार नाही. कुंकळ्ळीच्या वांगडांचे वंशज आज हिंदू घरांत आहेत तसेच ख्रिस्ती घरांतही आहेत. ज्या टेकडीविषयी आम्ही लिहीत आहोत, तिच्या झरीचे पाणी तळीतून निघून ज्या शेतांत जाते त्यांत दोन्ही वाड्यांची भातशेती आहे. तळी तांबडी झाली तेव्हा दोन्ही वाड्यांचा वायंगणाचा हंगाम धोक्यात आला. शत्रू कोण आणि सोबती कोण, हे तरी नीट ओळखावे. श्रद्धेने आलेल्या धैर्याची एक खूण अशी की ते वरच्याकडे डोळे उचलून पाहते, शेजाऱ्याकडे डोळे वटारून नव्हे.

“आणि हरलो तर?” हा शेवटचा प्रश्न. वकील या नात्याने आम्ही यशाची खात्री कोणासही देत नाही. जो देतो त्याच्याकडे जाऊ नये. हरण्याचा संभव खरा आहे. पण कुंकळ्ळी हरली होती, हे विसरू नका. कोणत्याही न्यायालयात त्या दिवशी निकाल लागला असता तर तो त्यांच्याविरुद्धच लागला असता. तरी हरलेल्यांच्या छत्र्या आज निघतात आणि जिंकलेल्यांचे राज्य राहिले नाही. यावरून जो लढतो तो अखेरीस जिंकतोच, असा स्वस्त सिद्धांत आम्ही काढीत नाही. पुष्कळ देवळे गेली ती गेलीच, आणि त्यांच्या देवांची नावेही आज कोणास आठवत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की जे राहिले ते कोणीतरी उचलून नेले म्हणून राहिले. ‘देव पाहून घेईल’ म्हणून बसलेल्यांनी काय राखले, याचा पुरावा आम्हांस अद्याप सापडलेला नाही.

आता त्या गावची उरलेली हकीकत. पहिल्या बैठकीनंतर महिन्याने दुसरी बैठक झाली. कागद पुन्हा मध्ये ठेविला गेला आणि पुन्हा तीच शांतता पसरली. तेव्हा खांबाच्या आडून देवळाच्या चौघड्यावर बसणारा एक सेवेकरी पुढे आला. महाजनांच्या यादीत त्याचे नाव नाही. बैठकीत त्यास मत नाही. तो म्हणाला, “म्हाका मत ना, पूण सही करूंक जाता न्हय?” कोणी उत्तर देण्यापूर्वीच त्याने पेन उचलले आणि सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखे, आपले पूर्ण नाव लिहिले. मग गाभाऱ्याकडे वळून नमस्कार केला आणि नगारखान्यात निघून गेला. त्याची सांजेची पाळी होती.

त्याच्या खाली दुसरी सही आम्ही केली. ती पहिली असावयास हवी होती. ही खंत आमच्यापाशी राहील. त्यानंतर नऊ जणांनी सह्या केल्या, चार दिवसांनी ख्रिस्ती वाड्यावरून सहा आल्या, आणि ‘देव पाहून घेईल’ म्हणणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी शेवटी काठी टेकीत येऊन आपली सही केली. यंत्रे तूर्त थांबली आहेत. प्रकरण चालू आहे. प्रतिपक्षाचे वकील आमच्याहून नामांकित आहेत आणि पुढच्या तारखेस ते काय मांडतील, याचा विचार करीत आम्ही काही रात्री जागून काढल्या आहेत. भय गेलेले नाही.

परंतु भय असताना सही करता येते, हे त्या नगारखान्यातील माणसाने आम्हांस शिकविले. वाचकहो, आपल्या गावीही एखादी तळी, एखादी देवराई, एखादी देवाची वाट असेल आणि तिच्यावर कोणा बलाढ्याची नजर असेल. देवाला गाऱ्हाणे अवश्य घाला. नारळ फोडा, कौल घ्या. आणि तेथून उठल्यावर घरी जाण्यापूर्वी तो कागद मागवा.